मेमरी कार्ड भरून देणाऱ्याचं उत्तर

निपाणीच्या एका कॉलेजातल्या पोरानं विचारलंय की सिनेमा, गाणी, पुस्तकं फुकट डाउनलोड करणं ही खरंच चोरी का, आणि असं करणाऱ्यांना कुठं गुंड तर कुठं गरिबांचा कैवारी असं का रंगवतात. वक्तृत्व स्पर्धेचा विषय आहे म्हणे, आणि बाजू कुठली घ्यायची ते अजून ठरायचंय. मी काही वकील नाही, पण ह्या धंद्यात मी जेवढी वर्षं काढली तेवढं त्याचं वयही नसेल, तेव्हा जरा लांबण लावतो, चहा घेऊन बस.

१९९४ ते २०१६ बेळगावात खडेबाजारला लागून असलेल्या एका बोळात माझं दुकान होतं. आधी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचो, मग व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी, आणि शेवटची सात-आठ वर्षं मोबाईल रिचार्ज आणि मेमरी कार्ड भरून देणं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, लोकांना नेट फुकट झालं आणि चार महिन्यांत माझं गिऱ्हाईक संपलं. आता सीसीटीव्ही बसवतो. म्हणजे तू ज्यांच्याबद्दल विचारतोयस त्यातला एक मीच की.

आधी दुकान बघ कसं होतं ते. पाच बाय आठची जागा, त्यात एक पीसी, त्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण कायम काढलेलं कारण आत गरम व्हायचं, आणि वरून टेबलफॅनचं वारं. विंडोज अर्थात क्रॅकचं. तीन कार्डरीडर, त्यातला एक दाबून धरल्याशिवाय चालायचा नाही म्हणून त्याला रबरबँड गुंडाळलेला. गिऱ्हाईक यायचं, मोबाईलची पाठ उघडून बॅटरी काढायचं, तिच्याखालचं ते नखाएवढं कार्ड तळहातावर ठेवायचं आणि यादी सांगायचं, "मामा, जुनी मराठी घाला, चार-पाच राजकुमारची कन्नड, एक हरिपाठ आणि बाकी सगळी डॉल्बीवर वाजणारी." २ जीबीच्या कार्डात चारएकशे गाणी बसायची, कॉपी व्हायला आठ-दहा मिनिटं, तेवढ्यात तो समोर कटिंग मारून यायचा. ३० रुपये. शनिवारी बाजाराला येळ्ळूर, कडोली, उचगावकडची पोरं आली की बोळाच्या तोंडापर्यंत ओळ. माल हुबळीहून यायचा, एक पोरगा शुक्रवारी रात्रीच्या बसनं हार्डडिस्क पिशवीत घालून आणायचा, वर कपडे आणि खाली डिस्क, आणि पहाटेपर्यंत चार दुकानांत कॉपी मारून परत जायचा.

आता हे चित्र आणि पडद्यावरचा पायरेट, म्हणजे विनापरवाना कॉपी करणारा, शेजारी ठेवून बघ. पडद्यावर अंधारी खोली असते, काळं हूड, स्क्रीनवर हिरवी अक्षरं पडतायत. मी बावीस वर्षांत हूड घातलेला एकही बघितला नाही. माकडटोपीवाला बघितला, डिसेंबरात, तो मीच.

पण खरं चित्र सिनेमानं रंगवलं नाही, ते कायद्यानं रंगवलं, आणि तुझ्या भाषणात हे नक्की घाल. कर्नाटकात १९८५ चा एक कायदा आहे, लोक त्याला गुंडा अॅक्ट म्हणतात. त्याचं पूर्ण नाव वाचायला घेतलं की दम लागतो. अॅसिड फेकणारे, चोरटी दारू विकणारे, पर्यावरणाची नासाडी करणारे, डिजिटल गुन्हेगार, अमली पदार्थवाले, जुगारवाले, गुंड, बायकांचा बाजार मांडणारे, जमीन बळकावणारे, मनी लाँडरिंगवाले, लैंगिक अत्याचार करणारे, आणि सगळ्यात शेवटी व्हिडिओ किंवा ऑडिओ पायरेट. ह्यातले डिजिटल गुन्हेगार २०१४ च्या दुरुस्तीत आत आले. ह्या कायद्याखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत आत ठेवता येतं. बरं म्हटलं पलीकडं तरी बघू, तर महाराष्ट्राचा असाच कायदा, एमपीडीए, १९८१ चा, त्यातही २००९ ला व्हिडिओ पायरेट घातलेत, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला, नंतर वाळू तस्कर पण आले. सीमाप्रश्नावर दोन राज्यांचं आजवर एकमत झालं नाही, पण माझ्यासारख्या कार्ड भरणाऱ्याला कुठल्या ओळीत बसवायचं ह्यावर दोघांचं पूर्ण एकमत. आमच्याकडं कोणी म्हणेल की हे कलम तुझ्यासारख्या चिल्लर माणसाला लावत नाहीत. खरं आहे, मला लावलं नाही. पण अॅसिड फेकणाऱ्याच्या आणि गाणी भरून देणाऱ्याच्या नावामध्ये नुसता स्वल्पविराम असतो तेव्हा कायदा करणाऱ्याच्या डोक्यात काय चित्र असेल ते बघ की.

मला काय झालं ते सांगतो. २०१२ च्या सुमाराला एकदा दोघं आले, एक साध्या वेषात आणि एक जमादार. "यारदू इदू सिस्टिम?" म्हणजे ही सिस्टिम कुणाची. माझी म्हटलं. सीपीयू उचलून नेला, टेबलफॅन तेवढा ठेवला. तीन दिवस दुकान बंद. चौथ्या दिवशी कुणाकुणाच्या ओळखीनं सीपीयू परत मिळाला, कसा ते विचारू नको, आणि पाचव्या दिवशी तोच जमादार मफलर गुंडाळून आला, खिशातनं कार्ड काढलं आणि म्हणाला भक्तिगीतं घाला, मुलीच्या सासऱ्यांना द्यायचंय. मी घातली. पैसे घेतले नाहीत, ते तर तुला कळलंच असेल. तर गुंड म्हणून धरायला आला तो माणूसही मला गुंड मानत नव्हता, आणि मीही स्वतःला मानत नव्हतो, आणि तरी त्या कायद्याच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

आता चोरीचं. कायद्याच्या भाषेत म्हणशील तर नाही, चोरी वेगळी आणि हे वेगळं. चोरीचं कलम आधी आयपीसीत ३७८-३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०३, आणि त्यात हलवता येणारी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातनं काढून न्यायला लागते. मी तुझी सायकल नेली तर तू चालत जाणार. मी तुझ्या सायकलीसारखी दुसरी बनवून घेतली तर तुझी तुझ्याकडंच आहे. म्हणून कॉपीची केस चालते ती १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. अमेरिकेतही त्यांच्या सुप्रीम कोर्टानं १९८५ ला डाउलिंग नावाच्या माणसाच्या खटल्यात, विनापरवाना रेकॉर्ड विकण्याचं प्रकरण होतं, हेच सांगितलं की हा कॉपीराइटचा भंग आहे, पण म्हणून तो माल चोरीचा माल ठरत नाही. तरी २००४ पासून डीव्हीडीच्या सुरुवातीला ती जाहिरात लागायचीच, तू गाडी चोरणार नाहीस, मग सिनेमा का चोरतोस अशा अर्थाची. गंमत म्हणजे ती जाहिरात विकत घेतलेल्या डीव्हीडीवर लागायची, पुढं ढकलता पण यायची नाही. माझ्याकडच्या कॉपीत ती काढलेली असायची. म्हणजे पैसे भरणाऱ्यानं शिव्या ऐकायच्या आणि फुकट बघणाऱ्यानं थेट सिनेमा.

"चोरी नाही" म्हटलं म्हणून लगेच खूश होऊ नको. वेगळ्या कलमात बसतं म्हणजे चांगलं होतं असं नाही. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की कलम ६३ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. पण त्याच कलमात एक तळटीपेसारखी ओळ आहे, ती वकीलसुद्धा घाईत वगळतात, की भंग धंद्यातल्या फायद्यासाठी केलेला नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे घरात बसून बघणारा आणि दुकान मांडून विकणारा ह्यात फरक आहे हे कायद्यालाही माहिती आहे, फक्त जाहिरात करणाऱ्यांना माहिती नाही. २०१६ ला आठवतं का, नुसती ब्लॉक केलेली साइट उघडली तरी तीन वर्षं तुरुंग आणि तीन लाख दंड असा मेसेज यायचा? गल्लीतली पोरं घाबरून हिस्टरी डिलीट करत बसली होती. मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल यांच्यापुढं विषय निघाला तेव्हा त्यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं, भाड्यानं देणं हा गुन्हा, आणि तो मजकूर बदलायला लावला.

मग टॉरेंट कुठं बसतं? इथंच बरेच जण फसतात. टॉरेंट म्हणजे अशी पंगत की जेवणाराच वाढपी. सिनेमाचे हजारो तुकडे केलेले असतात, तुझ्याकडं चार तुकडे आले की तुझा कॉम्प्युटर तेच चार तुकडे दुसऱ्याला वाढायला लागतो, तुला न विचारता. तू म्हणशील मी फक्त घेतलं, पण तू वाटलंस पण. साइटवर नुसता सिनेमा बघणं आणि टॉरेंट लावून रात्रभर पीसी चालू ठेवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ५२ मध्ये स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी थोडी मोकळीक दिलेली आहे, पण त्यात अख्खा नवा सिनेमा बसतो असं छातीठोक सांगणारा वकील मला तरी भेटलेला नाही.

आता त्या दुसऱ्या बाजूला, कैवारीवाल्या. हे चित्र मला जास्त खोटं वाटतं, आणि मला ते लागू करायला लोक तयार असायचे म्हणून जास्त राग. माझं गिऱ्हाईक म्हणायचं, मामा तुमच्यामुळं गोरगरिबांना गाणी मिळतात. अरे ३० रुपये घेत होतो की मी.

इंग्रजीत ह्याला पायरसी म्हणतात, आपल्याकडं चाचेगिरी. इंग्रज कान्होजी आंग्र्यांना पायरेट म्हणायचे, त्यांच्या कागदपत्रात तसंच लिहिलंय. आपल्या लेखी ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कोकणच्या समुद्रावर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी जहाज जायचं नाही, आणि दस्तक नसलं की जप्ती. म्हणजे बघायला गेलं तर लायसन देणारे आंग्रेच, आणि लायसन न घेणारे इंग्रज. आज नौदलाचा मुंबईतला तळ त्यांच्या नावानं आहे. पायरेट हा शब्द कोण कोणाला म्हणतंय त्यावर असतो, एवढं ह्यातनं घे. पण त्याच्यापुढं जाऊन, आम्ही पण आंग्रेच, कंपन्यांविरुद्ध लढणारे, असं जे काही लोक ऐटीत म्हणतात ना, ते राहू दे. आंग्र्यांनी आपल्या नावानं दस्तक दिलं. आम्ही दुसऱ्याच्या नावाचं गाणं आपल्या नावानं विकलं. त्यावर येतो नंतर.

खरे जीव पणाला लावणारे आहेत, नाही असं नाही. अमेरिकेत अॅरन स्वार्ट्झ नावाचा पोरगा होता, विद्यापीठाच्या नेटवर्कवरनं शोधनिबंध लाखोंनी उतरवून घेतले, २०११ ला अटक झाली, मोठी मोठी कलमं लावली, आणि जानेवारी २०१३ ला त्यानं आत्महत्या केली, २६ वर्षांचा होता. त्यानं त्यातनं एक पैसा मिळवला नाही. आपल्याकडं दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्यावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केस टाकली, पुस्तकातली प्रकरणं एकत्र बांधून पोरांना देतो म्हणून. २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं शिकवण्यासाठीच्या कॉपीला मोकळीक आहे म्हणून झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या बेळगावात, इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी सेमिस्टरच्या आदल्या रात्री टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानापुढं कसं उभं राहायचं ते मला सांगू नको, माझा पुतण्या तिथंच पास झाला. त्या झेरॉक्सवाल्याला आणि मला एकाच पिशवीत घालू नको एवढंच. तो अभ्यासाचं पानाच्या हिशोबानं देत होता, मी गेल्या शुक्रवारचा सिनेमा.

सीमाभागाची गोष्ट वेगळी आहे का? ह्यावर आमच्या कट्ट्यावर लई भांडणं झालीत. मराठी सिनेमा कोल्हापुरात चार खेळ चालायचा तेव्हा इथं एक लागला तर लागला, तोही दुपारी १२ चा, जेव्हा माणूस कामावर असतो. कोल्हापूर ११० किलोमीटर. घरातले चौघं लाल डब्यातनं जाऊन सिनेमा बघून यायचे म्हणजे पूर्ण दिवस आणि हजाराची नोट. कन्नड माणसाचीही दुसऱ्या तऱ्हेनं हीच अडचण होती, दुसऱ्या भाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करून दाखवायचा नाही असा अलिखित दंडक इथं कित्येक दशकं होता, २०१५ ला मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या स्पर्धा आयोगानं कर्नाटकच्या फिल्म चेंबरला, म्हणजे सिनेमावाल्यांच्या संघटनेला, दंड केला तेव्हा कुठं तो सैल झाला. म्हणजे जी गोष्ट पैसे देऊनही मिळत नाही ती माणूस कुठनं तरी मिळवणारच. माझ्याकडं खानापूरकडचे एक गुरुजी यायचे, मराठी नाटकाची डीव्हीडी आली का विचारायला, ओरिजिनल असेल तर ओरिजिनल द्या म्हणायचे, पैसे काढून हातात धरलेले. माझ्याकडं ओरिजिनल नसायची. कोल्हापूरच्या होलसेलवाल्याला दोनदा फोन केला, तो म्हणाला दहा पीस घ्यावे लागतील. दहा पीस बेळगावात कोण घेतंय. मग काय, कॉपी दिली.

गुरुजींचा दोष मला वाटत नाही. माझा वाटतो. कारण मधल्या काळात कंपन्यांकडनं एक लायसनची योजना आली होती, कार्ड भरणाऱ्या दुकानदारानं वर्षाला अमुक रक्कम भरायची आणि कायदेशीर गाणी भरायची. एकजण फाइल घेऊन माझ्या दुकानात येऊन बसला होता. मी हिशोब केला, महिन्याला परवडत होतं, खोटं कशाला सांगू. पण शेजारचा भरणार नाही, तो ३० चे २५ करणार, मग माझ्याकडं कोण येणार? म्हणून भरलं नाही. ह्यात गरिबी नव्हती की क्रांती नव्हती, शेजारच्या दुकानाची भीती होती. पायरसी करणाऱ्याच्या मनात काय चालतं असं कोणी विचारलं तर बहुतेक वेळा एवढंच चालतं.

आणि आता तर दुकानदारही मध्ये राहिला नाही. थिएटरमध्ये कॅमेरा लावून उचललेल्या प्रिंटवर कोपऱ्यात सट्ट्याच्या अॅपचं नाव नाचत असतं बघितलंस ना? तो पैसा कुठनं येतो ते तुझं तू ओळख. सिनेमा फुकट दिसतो कारण विकला जातोय तो तूच. असल्या अॅपच्या एपीके फायली, म्हणजे अॅप बसवायच्या फायली, मोबाईलमध्ये टाकून बँकेतले पैसे गेलेली दोन माणसं माझ्याकडं रडत आलीत, मी सीसीटीव्हीवाला, मी काय करणार. थिएटरमध्ये रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी २०२३ ला कायदा कडक झालाय, तीन महिने ते तीन वर्षं, आणि दंड ३ लाखांपासून सिनेमाच्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. प्रत्येक थिएटरच्या डिजिटल प्रिंटमध्ये डोळ्यांना न दिसणारी खूण असते, कुठल्या थिएटरात कितीच्या खेळाला चोरलं ते नंतर काढता येतं. हे चांगलं आहे. ह्या माणसांना काहीही म्हण, मला काही वाटत नाही.

मराठी पुस्तकांच्या पीडीएफचं मात्र मला जास्त लागतं, आणि ह्यात आपले सुशिक्षित, साहित्य संमेलनाला पुढच्या रांगेत बसणारे लोक आहेत. कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला दरवर्षी संमेलन भरतं, लोक उन्हात बसून ऐकतात, मला त्याचा अभिमान आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्या लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर, "वाचनसंस्कृतीसाठी पुढे पाठवा". अरे मराठी पुस्तकाची आवृत्ती असते हजार-अकराशे प्रतींची, लेखकाला त्यातले दहा-पंधरा टक्के, तेही वेळेवर मिळाले तर. तीनशे लोकांच्या एका ग्रुपवर फाइल टाकली तर कोट्यवधीच्या सिनेमाला खरचटत पण नाही, इथं पाव आवृत्ती गेली. सगळे तीनशे काही विकत घेणार नव्हते, मान्य, पण तीस तर घेणार होते. ज्यांना फुकटच वाचायचंय त्यांना एक सांगतो, लेखक गेल्यावर ६० वर्षांनी लेखन सगळ्यांचं होतं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचं. साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ पासून त्यांचं सगळं मोकळं, खुशाल वाटा. सिनेमाचं प्रदर्शित झाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० पर्यंतचे चित्रपट २०२१ पासून मोकळे. फक्त त्यातली गाणी कोणी लिहिली, चाल कोणाची, ते कधी गेले हे वेगळं बघायला लागतं, त्यांचा हक्क त्यांच्या मरणापासून मोजतात. एवढा मोठा मोकळा माळ सोडून लोक दुसऱ्याच्या परसात का शिरतात मला कळत नाही.

आता ते नावाचं. ह्यावर मी अजून कुठं लिहिलं नव्हतं.

२००६ ला मी एक सीडी काढली होती, स्वतः खर्च करून. आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाचे बुवा होते, आवाज असा की माईक लांब ठेवायला लागायचा. एका ओळखीच्याच्या स्टुडिओत दोन रात्री रेकॉर्डिंग, पखवाजवाल्याला वेगळे पैसे, सात अभंग, पाचशे सीडी, ४० रुपयांना एक. पहिल्या महिन्यात दीडशे गेल्या. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या दुकानदारानं एक सीडी विकत घेतली, एकच, आणि पुढं बाकीच्या माझ्याकडं गोणीत. वारीच्या वेळी ट्रॅक्टरवर, चहाच्या गाड्यावर, सगळीकडं बुवाच वाजत होते आणि माझी गोणी तिथंच. मी तणतणत बुवांकडं गेलो, म्हटलं बघा काय चोर लोक आहेत. बुवा अंगणात भुईमूग वाळवत होते. म्हणाले, "अरे चंदगडला माझ्या बहिणीच्या गावात पण वाजतंय म्हणे, फोन आला होता," आणि असे हसले की मला पुढं बोलताच आलं नाही.

परत येताना गाडीवर डोक्यात आलं की बुवांना मी काय दिलं होतं? दहा सीडी आणि एक शाल. कागद केला नव्हता, टक्केवारी ठरली नव्हती. मी लुटलो गेलो म्हणून बोंबलत होतो ते माझ्या पैशासाठी, बुवांचे तर मीच दिले नव्हते. आणि मोठ्या कंपन्याही वर्षानुवर्षं तेच करत आल्या होत्या, गीतकार-संगीतकाराकडनं एकदाच सह्या घेऊन सगळे हक्क उचलायचे, २०१२ ला कायदा बदलला तेव्हा कुठं त्यांचा रॉयल्टीचा वाटा कोणालाच हिरावता येणार नाही असा झाला. पायरसीमुळं कलाकार मरतो असं कंपनीनं म्हटलं की मला माझी ती शाल आठवते.

पण नाव. शेजाऱ्यानं सीडीवरनं एमपी३ केली तेव्हा प्रत्येक फायलीच्या माहितीत, जिथं कलाकार लिहायचं असतं तिथं, स्वतःच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर घातला. तुला वाटेल हे त्यानंच केलं. आम्ही सगळेच करत होतो. माझ्याकडं तर एक छोटा प्रोग्राम होता, फोल्डर दाखवला की चारशे गाण्यांच्या कलाकाराच्या जागी माझं दुकान. लता मंगेशकर पुसून माझं दुकान, भीमसेन जोशी पुसून माझं दुकान, जाहिरात फुकटात. ज्याची फाइल दुसरा उचलेल तो आधीचं पुसून आपलं घालणार. कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे, हक्क विकून टाकले तरी आपल्या कामावर आपलं नाव लागण्याचा हक्क ते लिहिणाऱ्या-रचणाऱ्याकडंच राहतो. कंपनीच्या पैशाचं मला आजही फार वाईट वाटत नाही, खोटं बोलून काय करू. पण ते नाव पुसणं मी रोज करत होतो आणि त्याला ना गुंड म्हणत होतं कोणी ना कैवारी, ते कोणाला दिसतच नव्हतं.

बुवा पाच वर्षांपूर्वी गेले. गेल्या कार्तिकात त्यांचा थोरला माझ्याकडं आला, मोबाईल घेऊन. कुठनंतरी त्याला वडिलांचे ते सात अभंग मिळाले होते, वाजवले की स्क्रीनवर शेजारच्या त्या दुकानाचं नाव यायचं, ते दुकानही आता नाही, तिथं चप्पलचं शोरूम झालंय. म्हणाला, "मामा, एवढं नाव तेवढं बदलून द्या की." जुना प्रोग्राम नवीन कॉम्प्युटरवर चालेना, मग एकेक फाइल उघडून हातानं केलं, सातही. पखवाजवाल्याचं नाव त्याला आठवत नव्हतं, मला आठवत होतं, ते पण घातलं. कार्ड परत देताना त्यानं खिशात हात घातला आणि मी नको म्हणायच्या आत तोच म्हणाला, "पैसे नाही काढत मामा, किल्ली बघतोय."